चार इंची नळी

तर झालं असं की, गेल्या दिवाळीत आजीचा खोकला काही केल्या थांबेना, म्हणून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तिला एका यंत्रात जोरात फुंकायला लावलं, निघालेला कागद दोनदा बघितला आणि विचारलं, "आजी, विडी किती वर्षं ओढताय?"

आजी जी भडकली! "मी कशाला विडी ओढू? आमच्यात कुणी ओढत न्हाई!"

डॉक्टर हसले नाहीत. "मग चूल?"

"चूल असणारच की. लग्न झाल्यापास्नं हाय. साठ वर्षं झाली."

त्यांनी कागदावर सीओपीडी असं लिहिलं. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसणं. सिगरेट ओढणाऱ्यांना होतो तो आजार. फुफ्फुसाचं जे गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते सांभाळायचं, एवढंच. "चूल बंद करा. नाही जमलं तर निदान धूर तरी घराबाहेर काढा," म्हणाले.

चूल बंद करणं सोपं नाही. गॅस आमच्या गावाकडच्या घरात कितीतरी वर्षांपासून आहे. चहा, भाजी, आमटी सगळं त्याच्यावर होतं. पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी मात्र चुलीवर. गॅसवरच्या भाकरीला आजी 'पापड' म्हणते, आणि दहा माणसांचं पाणी गॅसवर तापवायचं म्हणजे सिलिंडर किती दिवस पुरणार हा हिशोब बाबा करतात. म्हणजे उरला पर्याय दुसरा. मी इंजिनियर नातू असल्यामुळे लगेच बोलून गेलो, "त्यात काय, एक नळी तर लावायचीय!"

दुसऱ्या दिवशी भोरच्या बाजारात पत्र्याच्या दुकानात उभा राहिलो. दुकानदारानं तीनच प्रश्न विचारले. "किती इंची? किती फूट? एल्बो किती?" मला एकाचंही उत्तर येईना. चार वर्षं इंजिनियरिंग करून, त्यात फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर सुटून (काठावर, पण सुटून!) मी तिथे बावळटासारखा उभा. वर बढाई मारली, "तीन इंची द्या." तो म्हणाला, "बघा बुवा, चार नेतात लोक." तीनच घेतली. स्वस्त होती. ती नळी किती चुकीची होती ते पुढे येईलच.

मग दोन शनिवार-रविवार हेच वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की या तीन प्रश्नांमागे तीनशे-साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात मोठमोठी माणसं आपटलेली आहेत. ही त्याचीच गोष्ट.

आमच्या गोठ्यातली पाईप

आमच्या गोठ्यात एक सिमेंटची पाईप पडलेली असते. गोमूत्र वाहून जायला तिचा उपयोग होतो. लहानपणी आम्ही तिच्यातून गोट्या सोडायचो. ती तिथे कशी आली हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता नळीचा विषय निघाल्यावर बाबा म्हणाले, "अरे, ती चुलीचीच की."

म्हणजे आमच्या घरात धूर बाहेर काढणारी चूल एकदा येऊन गेली होती! बाबांच्या आठवणीप्रमाणे १९९० च्या आसपास सरकारी योजनेतून आली. एक गवंडी आला, अर्ध्या दिवसात दोन तोंडांची चूल घालून गेला. नंतर कुणी साहेब आले, वहीत आकडा लिहून गेले. दोन पावसाळ्यांनंतर चूल फोडली आणि पाईप गोठ्यात गेली.

"का फोडली?" मी आजीला विचारलं.

"पयलं वर्ष झ्याक व्हती. मग धूर उलटा याया लागला."

हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटाकडे त्याची गरज लागणार आहे.

नळी नेमकं करते काय?

धूर वर जातो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून नळी म्हणजे फक्त वाट दाखवणारं भोक असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. नळी हा एक पंप आहे. फक्त त्याला मोटर नाही आणि एकही हलणारा भाग नाही.

नळीच्या आत गरम हवा असते, ती हलकी. बाहेर तेवढ्याच उंचीची गार हवा असते, ती जड. दोन्हीच्या वजनातला फरक हीच नळीची ओढ. बाहेर ३० अंश आणि नळीत सरासरी १५० अंश धरले, तर ३ मीटर उंचीच्या नळीत ही ओढ जेमतेम १० पास्कल भरते. म्हणजे पाण्याचा फक्त १ मिलिमीटर उंचीचा थर जेवढा दाब देईल तेवढी! एवढ्याशा जोरावर सगळा धूर छतापार न्यायचा असतो. म्हणून वाटेत जराही अडथळा आला की नळी हात टेकते. उंची वाढवली की ओढ वाढते, धूर गार झाला की कमी होते, आणि प्रत्येक एल्बो तिच्यातला थोडा वाटा खातो.

आता इंचाचं बघा. तीन इंची नळी ही चार इंचीपेक्षा 'थोडीशी बारीक' वाटते. पण क्षेत्रफळ काढलं तर ते फक्त ५६ टक्के निघतं. तेवढाच धूर तिच्यातून न्यायचा तर घर्षण साधारण चौपट होतं. दुकानदाराला हे गणित येत नसेल, पण उत्तर मात्र बरोबर येत होतं. मला गणित येत होतं आणि उत्तर चुकलं.

खरं तर हा पंप आपल्याकडे घरोघरी होता. तांब्याचा बंब आठवा. मधोमध उभी नळी, खाली जाळीवर निखारे, भोवती पाणी. धूर त्या नळीतून वर जाताना पाणी तापवतो आणि नळीची ओढच खालून निखाऱ्यांना वारा घालते. बंब एकदा पेटला की फुंकणी लागत नाही ती यामुळे. पुण्यात तांबट आळीतल्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या असे बंब ठोकून बनवले. गंमत बघा, पाणी तापवायच्या भांड्याला आपण नळी दिली, पण बाई जिथे दिवसाचे कित्येक तास बसते त्या चुलीला नाही दिली. तिच्या हातात फुंकणी दिली. म्हणजे पंप तीच.

चुलीमागे कर, नळीत पोरं

युरोपातही आधी आपल्यासारखंच होतं. घराच्या मध्यभागी विस्तव आणि वर छपरात भोक. भिंतीतलं धुराडं किल्ल्यांत आणि बड्या लोकांच्या वाड्यांत आधी आलं आणि सामान्यांच्या घरी पोचायला काही शतकं गेली. इंग्लंडमध्ये ते इतकं पसरलं की १६६२ मध्ये सरकारनं त्यावर करच बसवला. दर चुलीमागे वर्षाला २ शिलिंग. वसुली करणारा माणूस घरात शिरून चुली मोजायचा. लोकांनी काय केलं असेल? जे आपण केलं असतं तेच. काहींनी चुली विटांनी बुजवल्या. ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल नावाच्या गावात तर १६८४ मध्ये भलताच प्रकार झाला. तिथल्या एका बेकरीवालीनं स्वतःचं धुराडं दाखवायला नको म्हणून भिंतीला भोक पाडून आपल्या भट्टीचा धूर शेजारच्या धुराड्यात सोडला होता, अशी हकीकत सांगतात. त्यातून आग लागली, २० घरं जळाली, ४ माणसं गेली. हा कर शेवटी १६८९ मध्ये रद्द झाला.

पुढे लाकूड महागलं आणि इंग्लंड दगडी कोळशावर गेलं. कोळशाला जोराची ओढ लागते, म्हणून धुराडी अरुंद झाली. अरुंद झाली म्हणून काजळीनं लवकर भरायला लागली. मग साफ कोण करणार? मोठा माणूस आत मावत नाही. म्हणून लहान पोरं! पाच-सहा वर्षांची, गरिबांची, अनाथ पोरं त्या नळ्यांत कोपर-गुडघे घासत चढवायचे. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदानं दाखवून दिलं की या झाडूवाल्यांना पुढे अंडकोशाच्या पिशवीचा कर्करोग होतो आणि तो काजळीमुळे होतो. अमुक धंद्यामुळे अमुक कर्करोग, असं वैद्यकानं दाखवून दिलेलं हे पहिलं उदाहरण मानतात. पोरांना चढवण्याविरुद्ध १७८८, १८३४, १८४० असे कायदे झाले आणि ते कुणी पाळले नाहीत. १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा केंब्रिजजवळ एका इस्पितळाच्या धुराड्यात अडकला आणि मेला. त्यानंतर झालेला कायदा मात्र खरोखर लागू झाला. पहिल्या कायद्यापासून तिथवर ८७ वर्षं!

मला हे वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. घरातल्यांचा धूर गेला, पण तो जाऊन दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर बसला. नळी लावणारा आणि नळी साफ करणारा हे वेगवेगळे असले की असंच होतं.

दोन बेंजामिन

आता आपल्या जातीची माणसं. म्हणजे, 'त्यात काय, एक नळी तर लावायचीय' म्हणणारी.

पहिला बेंजामिन फ्रँकलिन. फिलाडेल्फियाच्या आसपासचं जंगल तुटून लाकूड महाग होत चाललं होतं, आणि भिंतीतल्या उघड्या शेकोटीची बहुतेक उष्णता धुराड्यातून वर निघून जायची. फ्रँकलिननं १७४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत एक बिडाची शेगडी तयार केली आणि १७४४ मध्ये तिच्यावर माहितीपुस्तिका छापली. गव्हर्नरनं पेटंट देऊ केलं तर त्यानं नाकारलं. आपण इतरांच्या शोधांचा फायदा घेतो, तर आपल्याही शोधाचा इतरांना फुकट फायदा व्हावा, असं त्याचं म्हणणं. (ओपन सोर्सवाल्यांनी याचा फोटो लावायला हरकत नाही!) लंडनमधल्या एका लोहारकामवाल्यानं मात्र त्यात थोडे बदल करून पेटंट घेतलं आणि पैसे कमावले, हे फ्रँकलिननंच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

पण आपला मुद्दा वेगळा आहे. त्याच्या मूळ शेगडीत धूर सरळ वर जात नव्हता. तो आधी एका पोकळ पेटीवरून जायचा, मग तिच्यामागून खाली उतरायचा, जमिनीखालून जायचा आणि तिथून धुराड्यात चढायचा. उद्देश चांगला होता. धुरातली उष्णता जाता जाता काढून घ्यायची. पण धुराला खाली उतरायला लावायचं तर पुढे धुराडं आधीच चांगलं तापलेलं हवं. गार असेल तर ओढ नाही, ओढ नाही तर धूर खोलीत. ही शेगडी फारशी खपली नाही. नंतरच्या कारागिरांनी तो खाली उतरणारा मार्ग काढून टाकला आणि धूर सरळ वर नेला. आज 'फ्रँकलिन स्टोव्ह' म्हणून जे ओळखलं जातं ते बहुतेक हेच, त्यानं न केलेलं मॉडेल.

फ्रँकलिनचं मला आवडलं ते असं की तो विषय सोडून गेला नाही. चाळीस वर्षांनी, १७८५ मध्ये, फ्रान्सहून अमेरिकेला परतताना बोटीवर बसून त्यानं इंगेनहाउझ या आपल्या शास्त्रज्ञ मित्राला लांबलचक पत्र लिहिलं. विषय: धुराडी धूर उलटा का टाकतात. एकेक कारण आणि त्याचा उपाय. पहिलं कारण, घर इतकं बंद की आत हवाच येत नाही. हवा आत येणार नसेल तर धूर बाहेर जाणार कसा? मग धुराडं आखूड असणं. मग शेजारी धुराड्यापेक्षा उंच इमारत किंवा टेकडी असणं, म्हणजे तिच्यावरून येणारा वारा धूर खाली दाबतो. चक्क बग लिस्ट आहे ती. वयाच्या ऐंशीच्या घरात!

दुसरा बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजे काउंट रमफर्ड. तोफांच्या नळ्या कोरताना पाणी उकळतं हे दाखवून उष्णता ही वस्तू नसून गती आहे असं म्हणणारा, तो हाच. त्यानं १७९६ मध्ये शेकोटीवर निबंध लिहिला. लंडनमधल्या शेकोट्यांचा घसा, म्हणजे धूर धुराड्यात शिरतो ती जागा, इतका मोठा असायचा की धुराबरोबर खोलीतली ढीगभर हवाही वर जायची आणि धूर गार पडायचा. रमफर्डनं घसा ४ इंचांवर आणला, शेकोटी उथळ केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या. बस्स. यंत्र नाही, नवा धातू नाही, गवंड्याचं थोडं काम. धूर जायला लागला आणि खोलीही तापायला लागली. हे इतकं लोकप्रिय झालं की जेन ऑस्टेनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीतसुद्धा रमफर्डची शेकोटी येते.

दोघांतला फरक मला असा दिसतो: फ्रँकलिननं आधी धुरातली उष्णता वाचवायला घेतली आणि ओढ गमावली. रमफर्डनं आधी ओढ नीट केली, उष्णता मागोमाग आली.

वर्ध्याहून साडेतीन कोटींपर्यंत

आपल्याकडे चुलीचा विचार गांधीजींच्या माणसांनी केला. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघायचे आणि वर्ध्याला मगनवाडीत त्याचं ठाणं होतं. मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी, आणि तिथल्या चुलीचं नाव 'मगन चूल'. मातीची, एकामागे एक भांडी ठेवायची, शेवटी धुराडं. आपल्या वैलाचीच कल्पना, पुढे नळीपर्यंत नेलेली. १९५० च्या दशकात हैदराबादच्या इंजिनियरिंग संशोधन प्रयोगशाळेतले एस. पी. राजू यांनीही अशीच बिनधुराची चूल करून तिचा प्रचार केला. म्हणजे स्वातंत्र्याच्या आगेमागेच आपल्याकडे नळीवाली चूल कागदावर आणि मातीत दोन्हीकडे तयार होती.

मग १९८३ च्या शेवटाला केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आमच्या गोठ्यातली पाईप त्यातलीच असणार. हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला तोवर सरकारी हिशोबानं सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या होत्या. आकडा छातीत धडकी भरवणारा आहे. पण तो 'बसवलेल्या' चुलींचा आहे, 'पेटणाऱ्या' नव्हे. आमच्याकडे भाषा असती तर म्हटलं असतं, डिप्लॉय झालं, मेंटेनन्सचं बजेट शून्य.

लक्ष्य होतं चुलींच्या संख्येचं. अनुदान मिळायचं ते बसवण्याला. मातीची चूल दोनेक वर्षांत तडकते, नळीत काजळी साठते, वरची टोपी पडते. त्यासाठी परत कोण येणार हे ठरलेलं नसायचं. शिवाय बाईला विचारलंय कुणी? तिचं पातेलं भोकात बसतं का, दुसऱ्या तोंडाला पुरेसा जाळ पोचतो का, भाकरी शेकायला निखारे पुढे ओढता येतात का? अजून एक गोष्ट आजी सांगते: धुरामुळे वाशांना कीड लागत नाही, चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसं टिकतात. नळी आली की हे फायदे गेले. ते कुणाच्या हिशोबात नव्हते.

सगळंच फसलं असं मात्र नाही. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या आरती या संस्थेनं 'लक्ष्मी'सारख्या नळीच्या चुली केल्या आणि कुंभारांना, गावातल्या कारागिरांना त्या बनवून विकायला शिकवलं. म्हणजे चूल बिघडली तर जायचं कुणाकडे, हे गावात माहीत असणार. शेजारी चीनमध्ये १९८२ ते १९९२ या दहा वर्षांत सुमारे १३ कोटी सुधारित चुली बसल्या. तिथेही भर अनुदानापेक्षा स्थानिक कारागीर, दुकानं आणि सुटे भाग यांवर जास्त होता.

आजीचं वाक्य

आता ते वाक्य काढा. पयलं वर्ष झ्याक व्हती.

ओडिशात ४४ गावांमधल्या अडीच हजारांवर घरांत रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी नळीवाल्या मातीच्या चुलींचा चार वर्षं अभ्यास केला. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासातून जाणारा धूर खरंच कमी झाला. पुढे तो परिणाम विरत गेला. तब्येतीत फरक दिसला नाही, सरपणही वाचलं नाही. का? लोकांनी त्या नीट वापरल्या नाहीत, दुरुस्त केल्या नाहीत, आणि शेवटी सोडून दिल्या. शास्त्रज्ञांना चार वर्षं लागली, आजीनं एका ओळीत सांगितलं.

याच्या शेजारी ग्वाटेमालाचा अभ्यास ठेवा. तो कर्क स्मिथ यांचा. याच स्मिथनी १९८१ मध्ये गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं होतं. ग्वाटेमालात ५३४ घरं घेतली आणि त्यातल्या निम्म्या घरांत नळीची पक्की चूल बसवली. फरक इथे आहे: दर आठवड्याला माणूस घरी जायचा, आणि चूल बिघडली असेल तर दुरुस्त व्हायची. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मुलांपर्यंत पोचणारा धूर साधारण निम्म्यावर आला होता आणि गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं घटला होता. (सगळ्या न्यूमोनियाचा एकत्र आकडा मात्र तितका ठाम नव्हता, हेही सांगायला हवं.)

दोन्हीकडे वस्तू तीच होती, नळी. एकीकडे ती एकदा लावली, दुसरीकडे लावत राहिले.

आणि यात साधं गणित आहे. चार इंची नळीत आतून सगळीकडे अर्धा इंच काजळी बसली की तिची होते तीन इंची. म्हणजे वाट ५६ टक्के, घर्षण चौपट. धूर उलटा. कुणी काही मोडलेलं नसतं, कुणाचा दोष दिसत नाही. नळी हळूहळू स्वतःच लहान झालेली असते. मी दुकानातून जी तीन इंची नळी नवी कोरी विकत आणली, ती म्हणजे दोन वर्षं न साफ केलेली चार इंची नळीच होती!

शेवटी काय केलं

तीन इंची लावून बघितली. पाच मिनिटांत आई-आजी दोघी डोळे पुसत बाहेर. दुकानदाराकडे परत गेलो. त्यानं 'सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

चार इंची घेतली. चुलीलगतचे तीन फूट काळ्या पत्र्याचे, वरचे जीआयचे. कारण जीआयवरचं जस्त ४२० अंशांना वितळतं आणि जाळाजवळ त्याचा धूर नको. सिमेंटची जुनी पाईप 'फुकट आहे की' म्हणून बाबांनी सुचवली होती, ती घेतली नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना उडणारी धूळ फुफ्फुसाला घातक. एल्बो एकच, तोही खाली, आणि त्याच्याजवळ झाकण असलेला टी. या टीचे पैसे जास्त पडले, पण तो उघडून काजळी खाली काढता येते. माझ्या मते सगळ्या खरेदीत तोच महत्त्वाचा.

चूल कुठली, यावर घरात तीन दिवस वाद झाला. मला विकतची लोखंडी हवी होती, आजीला मातीची. शेवटी गावातल्या कुंभाराकडून मातीची घेतली आणि तिच्याखाली विटांचा ओटा केला. कारण सांगतो: लोखंडी चूल बिघडली तर ती पुण्याला न्यायला मी हवा. मातीची तडकली तर आजी आणि आई स्वतः लिंपतात. तोंड आजीच्या पातेल्याच्या मापाचं घेतलं. जुनी चूल लाकडी फळीच्या भिंतीला खेटून होती, ती जागा बदलली. अमेरिकेत एकेरी पत्र्याची नळी लाकडापासून १८ इंच लांब ठेवायचा नियम आहे, तो पाळला. कौलांतून नळी जाते तिथे वाशांपासून तेवढी जागा मिळेना, म्हणून एक वासा कापून बाजूला आडवा टेकू दिला आणि मोकळ्या जागेवर पत्रा मारला.

तरी पहिल्या आठवड्यात संध्याकाळी धूर उलटा यायचा. सकाळी नाही, फक्त संध्याकाळी. फ्रँकलिनचं पत्र आठवलं. पश्चिमेला शेजाऱ्यांचं दोन मजली स्लॅबचं घर, आणि आमच्या नळीचं टोक त्याच्या गच्चीपेक्षा खाली. वारा त्यांच्या गच्चीवरून उतरून आमच्या नळीत. अजून चार फूट नळी लावून ताण दिले. थांबलं.

आता खरं सांगायचं तर नळीनं धूर नाहीसा होत नाही. तो फक्त बाहेर जातो आणि थोडा शेजाऱ्यांकडेही जातो. खरा उपाय धूरच न होणं हा आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅस गेला हे त्यासाठी चांगलंच झालं. आमच्याकडेही आंघोळीच्या पाण्यासाठी पुढच्या वर्षी सोलर लावायचा विचार आहे. पण ज्यांच्या घरी गॅस असूनही चूल पेटते (आणि अशी घरं भरपूर आहेत), त्यांनी 'गॅस आहे की' म्हणून नळीचा विषय सोडू नये एवढंच म्हणतो.

आजीचा खोकला गेलेला नाही. जाणारही नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. पण भाकऱ्या करताना मध्येच उठून दारात जाऊन बसायची, ते बंद झालंय. परवा म्हणाली, "नळी वढतीय बघ." आणि मग लगेच, "आता ही साफ कोण करनार?"

प्रश्न बरोबर होता. इंग्लंडात त्याचं उत्तर 'गरिबाचं पोर' असं होतं आणि आमच्याकडे १९९० मध्ये 'कुणीच नाही' असं. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी 'नळी' असं लिहून ठेवलंय, आणि पुढे माझं नाव. आतापर्यंत तीनदा केली. पहिल्या वेळी टीचं झाकण उघडलं तर पसाभर काजळी निघाली. एका महिन्याची!

असो. उद्या पहिला शनिवार आहे. सकाळी लवकर निघायचंय, म्हणून इथेच थांबतो.